देशांतर आणि कुलवस्तूचे नवे घर : बेने इस्रायली घरांतील कीर्तनवह्यांच्या निमित्ताने

मराठीत 'ठेव' आणि 'ठेवा' हे दोन शब्द एकाच धातूपासून आले असले, तरी त्यांच्या अर्थांत मोठे अंतर पडले आहे. ठेव परत मागता येते. तिला धनी असतो, मुदत असते, व्याजही असते. ठेव्याला यांपैकी काहीच नसते. तो एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती द्यावयाचा असतो आणि ज्याच्या हाती तो असतो तो त्याचा पूर्ण मालकही नसतो. कुटुंब एकाच गावी नांदत असेपर्यंत हा भेद कोणास जाणवत नाही. घर मोडून परदेशी कायमचे जावयाचे ठरले, की ट्रंकेत काय जाईल आणि काय जाणार नाही हा प्रश्न उभा राहतो, आणि मग ठेव्याला ठेवीसारखे कोणाच्या तरी हवाली करण्याची वेळ येते. ही वेळ नीट कशी निभवावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय फार विस्तृत असल्याने तो एका समाजापुरता व मुख्यतः एका प्रकारच्या वस्तूपुरता मर्यादित ठेवला आहे. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल आणि ती वस्तू म्हणजे हस्तलिखित मराठी कीर्तनवही.

बेने इस्रायल समाजाचा पूर्वेतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावोगावी हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. दिवेकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली आहेत. अठराव्या शतकापासून पुष्कळ कुटुंबे मुंबईस आली. सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये तेथे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याला समाजातील जुनी माणसे 'मशीद' म्हणत आणि प्रार्थनेला 'नमाज'. घरची भाषा मराठी, धर्मग्रंथांची भाषा हिब्रू, आणि नित्य धर्मव्यवहारातील कित्येक शब्द शेजारच्या मुसलमान वस्तीतून आलेले, असा हा त्रिवेणी व्यवहार आहे. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष या समाजाकडे वेधले जाते ते याच कारणाने.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि १९५० मध्ये तेथे परतीचा कायदा झाला. त्यानंतर या समाजाचे देशांतर सुरू झाले. तत्पूर्वी भारतात वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज पुढील दोन-तीन दशकांत बहुतांशी इस्रायलला गेला. अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा इत्यादी गावी त्याच्या वसाहती झाल्या. १९६० नंतर काही वर्षे बेने इस्रायलांच्या विवाहाच्या बाबतीत तेथील धर्माधिकाऱ्यांनी आक्षेप उपस्थित केले होते. तो वाद १९६४ मध्ये मिटला. या वादाचा येथे उल्लेख करावयाचा तो एवढ्यासाठी, की ज्यांच्या वंशशुद्धीविषयी शंका घेतली जाते त्यांना घरातील जुना कागद हा पुरावा वाटू लागतो. बरोबर काय न्यावे या निवडीत अशा वेळी विवाहपत्रे व वंशावळी वरच्या थरात जातात आणि कीर्तनाच्या वह्या तळाशी जातात किंवा मागे राहतात. ही निवड समजण्यासारखी आहे. तिचे परिणाम मात्र अभ्यासकाला अजून भोगावे लागत आहेत.

अशा घरात सामान्यतः काय काय सापडते? साब्बाथच्या द्राक्षरसाचा चांदीचा पेला, हनुक्काचे दिवे, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करावयाचे मोठे ताट, लग्नातील दागिने, हिब्रू प्रार्थनापुस्तके, छापील मराठी हागादा. पेसाहच्या रात्री वाचावयाच्या या हागादाची हिब्रू-मराठी शिळाछापाची आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये निघाली होती, आणि पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या आवृत्तीतील चित्रांत पेसाहच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया येथील वेषात, जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. कोणा घरी खरेदीखतांचे वा हिशेबांचे मोडी कागदही असतात. यांपैकी पेला, दिवे व दागिने यांना नवे घर शोधावे लागत नाही. ते लहान असतात, त्यांचा उपयोग कोणत्याही देशात तोच असतो आणि ते मुलीच्या वा सुनेच्या हाती सहज जातात. प्रश्न पडतो तो भाषेने बांधलेल्या वस्तूंचा.

त्यांत कीर्तनवहीचा प्रश्न सर्वांत अवघड. हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर बेने इस्रायलांचे मराठी कीर्तन १८८० मध्ये मुंबईत सुरू झाले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातील अग्रणी. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर इत्यादींची आख्याने, वेळी साकी, दिंडी, आर्या, कटाव यांत बांधलेली, टाळ-मृदंगाच्या वा पेटी-तबल्याच्या साथीवर गाइली जात. काही आख्याने छापली गेली. परंतु गाणारा गातो तो छापील पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या वहीतून. तीत त्याने पदे आपल्या सोयीने मागेपुढे लावलेली असतात, एखादे कडवे गाळलेले असते, दुसऱ्याच कोणाचे पद मध्ये घातलेले असते. म्हणून छापील प्रत असली तरी वहीचे महत्त्व कमी होत नाही.

या वहीत भाषाभ्यासाच्या दृष्टीने तीन गोष्टी विशेष पाहण्यासारख्या असतात. पहिली म्हणजे पदाच्या डोक्यावर लिहिलेली 'चाल'. स्वरलेखन तेथे नसते. त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेल्या एखाद्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द लिहून त्यापुढे 'या चालीवर' एवढेच लिहिलेले असते. लिहिणाऱ्यास ते पुरेसे होते. पण ते मूळ पद ठाऊक असलेला माणूस जवळ नसेल तर ही खूण म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप होय. नाटकातील पदे, लावण्या, हिंदू कीर्तनातील अभंग असा कितीतरी संभार या खुणांतून दिसतो, आणि एका लहान समाजाच्या कानावर कोणते संगीत पडत होते याची ती यादीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे सणांची नावे. समाजात पूर्वी वर्षारंभाला 'नव्याचा सण', त्यानंतर येणाऱ्या एका सणाला 'खिरीचा सण', प्रायश्चित्तदिनाच्या दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण' आणि यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनाला 'बिरड्याचा सण' म्हणत. विध्वंसाच्या शोकदिनाला वालाच्या बिरड्याचे नाव मिळावे हे कोकणी स्वयंपाकघराचे धर्मावरील ऋणच म्हटले पाहिजे. पुढे हिब्रूचे शिक्षण वाढले तशी ही नावे मागे पडून हिब्रू नावे रूढ झाली. म्हणून एखाद्या वहीत यांपैकी कोणती नावे येतात, यावरून ती कोणत्या पिढीच्या व कोणत्या वळणाच्या हाताची आहे याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. देवनागरीत हिब्रू शब्द लिहिताना लेखकाने काय केले? हिब्रूतील 'हेथ' व 'आयिन' या वर्णांना मराठीत जोड नाही. पहिल्यासाठी 'ह' घातला की 'ख', दुसरा वर्ण पार गाळला की त्याच्या जागी स्वर लांबविला, 'त्सादे' हा वर्ण 'स'ने लिहिला, 'त्स'ने की 'च'ने, हे पाहावे लागते. मराठीत 'च'चे दोन उच्चार आहेत, 'चहा'तील एक आणि 'चमचा'तील शेवटचा दुसरा. तेव्हा 'च' वापरला असेल तर तेथे कोणता अभिप्रेत होता हाही प्रश्न उरतोच. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले, आणि मिशनच्या शाळांतून हिब्रूचे जे शिक्षण मिळाले त्याचा ठसा शिकलेल्यांच्या लेखनावर असणारच. परंतु शाळेत न गेलेल्या स्त्रीने ऐकून ऐकून लिहिलेले शब्द हे तिच्या आईच्या उच्चाराचे साक्षीदार असतात. शुद्धलेखनाच्या दृष्टीने जी वही सर्वांत वाईट, ती या कामी सर्वांत चांगली. दुर्दैवाने घर आवरताना टाकून दिली जाते ती हीच. कारण 'नीट लिहिलेली' दुसरी वही घरात असते.

नव्या घराचा शोध घेताना प्रथम कायदा ध्यानात घ्यावा लागतो, आणि त्याविषयी फार गैरसमज आहेत. पुरावशेषांच्या निर्यातीवर भारतात १९४७ च्या कायद्यानेच नियंत्रण आले होते. त्याची जागा १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाने घेतली व तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. या अधिनियमाप्रमाणे सामान्य वस्तू शंभर वर्षांची झाली म्हणजे पुरावशेष ठरू शकते. परंतु शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मूल्य असलेले हस्तलिखित, नोंद वा दस्तऐवज यांना पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. अशी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खाजगी व्यक्तीला नाही. तो केंद्र शासनाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. एखादी वस्तू पुरावशेष आहे की नाही याबद्दल शंका निघाली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम समजला जातो. तेव्हा १९२० साली लिहिलेली आजोबांची कीर्तनवही ट्रंकेत घालणे ही केवळ घरगुती बाब राहिलेली नाही. वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी मागून घेणे हा सरळ मार्ग होय, आणि त्यासाठी प्रयाणाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. कित्येकांना वाटते की हा नियम मूर्ती व चित्रे यांच्यापुरताच आहे, तसे नाही.

दुसरी कायदेशीर बाब मालकीची. यहुदी कुटुंबांना वारशाच्या बाबतीत १९२५ चा भारतीय वारसा अधिनियम लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर आजोबांची वही ही ती ज्याच्या कपाटात आहे त्याची एकट्याची नसते. इतर वारसांचाही तीत वाटा असतो. यांपैकी कोणी अश्दोदला, कोणी ठाण्याला, कोणी लंडनला असेल. सर्वांची लेखी संमती घेऊन ठेवली असता पुढे संस्थेला व कुटुंबाला मनस्ताप होत नाही. जंगम वस्तूचे दान ताबा देऊन पूर्ण होते किंवा नोंदलेल्या दस्ताने करता येते. तथापि ताबा देतानाही साध्या कागदावर दोघांच्या सह्यांचे पत्र असणे बरे. वही दिली म्हणजे तीतील रचनांचा स्वामित्वहक्क आपोआप दिला जात नाही, हेही त्या पत्रात स्पष्ट करावे. रचना घरातील व्यक्तीच्या असतील आणि त्या छापू द्यावयाच्या असतील, तर तसे लिहून द्यावे.

तोरेच्या गुंडाळीची गोष्ट निराळी आहे. ती सहसा घराची नसून प्रार्थनामंदिराची असते. घरात असलीच तरी तिला कुलवस्तू म्हणून कोणी फळीवर मांडू नये, अशी धर्माची अपेक्षा आहे. ती वाचनास योग्य असेल तर दुसऱ्या मंदिरात जावी. अयोग्य झाली असेल तर विधिपूर्वक पुरली जावी किंवा जीर्ण लेखांसाठी राखलेल्या जागेत, म्हणजे गेनिझात, ठेवली जावी. ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करावयाचा नाही या एका नियमामुळे कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये शतकानुशतके कागद साचत गेले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील मोठा भाग केंब्रिजला नेला, आणि मलबार किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या मध्ययुगीन यहुद्यांची पत्रे त्यातूनच पुढे आली. ज्यांनी ते कागद तेथे टाकले, त्यांच्या दृष्टीने ते निकामी झाले होते. मराठी वहीला हे संरक्षण नाही. तीत ईश्वराचे नाव मराठीत असते, म्हणून तिचे काय करावे याबद्दल घरातील वडीलधारी माणसेही एकमताने सांगत नाहीत, आणि ती रद्दीत जाण्याचा धोका अधिक असतो.

आता मुख्य प्रश्न : वही कोठे जावी? इस्रायलमध्ये ती घेणारी घरे आहेत. यरुशलेमचे इस्रायल म्युझियम १९६५ मध्ये उघडले, आणि कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचे लाकडी अंतरंग तेथे उभे आहे. तेथील राष्ट्रीय ग्रंथालय व बेन-झ्वी संस्था पूर्वेकडील यहुदी समाजांची हस्तलिखिते जतन करतात. येथे, मुंबईत १८०४ साली स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आहे, १८९८ चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पुण्यात १९१० चे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. यांपैकी कोणते घर उत्तम, हे इमारतीवरून किंवा कपाटाच्या काचेवरून ठरवू नये. वस्तूला समजणारा वाचक कोठे आहे, हे पाहावे.

दिव्याला किंवा ताटाला संग्रहालयात जागा मिळाली म्हणजे त्याचे काम पुष्कळसे होते. पाहणाऱ्याला ते दिसते. वही काचेखाली ठेवली तर तिची दोनच पाने दिसतात आणि तीही न वाचता येणाऱ्यास. इस्रायलमधील नव्या पिढ्यांची भाषा हिब्रू झाली आहे. तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, आजही तेथील मराठी स्त्रिया एकत्र जमून कीर्तनाची पदे गातात, हे खरे. पण मराठी वाचणारी माणसे वयस्क आहेत. उलट महाराष्ट्रात मराठी वाचणारे कोट्यवधी असले, तरी कीर्तनपरंपरेचे अभ्यासक या वह्यांकडे क्वचितच वळले आहेत; बेने इस्रायलांचे कीर्तन हा यहुदी धर्माचा विषय समजला जातो, मराठी वाङ्मयाचा नव्हे. तेव्हा दोन्हीकडे अपुरेपणा आहे, आणि तो निराळ्या जातीचा आहे. एका ठिकाणी प्रसंग जिवंत आहे व लिपी विसरली जात आहे. दुसऱ्या ठिकाणी लिपी जिवंत आहे व प्रसंग नाहीसा झाला आहे.

या स्थितीत एकच नियम सांगावयाचा तर तो असा : जोवर वहीतून गाणारी व्यक्ती हयात आहे, तोवर वही, किंवा कायदा आड येत असेल तर तिची संपूर्ण प्रत, त्या व्यक्तीजवळ असावी, मग ती व्यक्ती कोणत्याही देशात असो. गाणारे कोणी उरले नाही म्हणजे मूळ वही मराठी हस्तलिखितांच्या संग्रहात जावी आणि छायाचित्रित प्रत यरुशलेमला. जी वही पूर्वीच इस्रायलला गेली आहे, तिच्या बाबतीत हाच क्रम उलटा करावा. ती परत आणण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. काही अभ्यासकांचे म्हणणे असे, की मूळ वही वंशजांच्या देशातच असली पाहिजे, कारण ती त्यांची आहे. मालकीच्या दृष्टीने ते मान्य करावेच लागते. परंतु न वाचता येणारी वही नातवाने दोन-तीन घरे बदलेपर्यंत सांभाळली, तरी तिसऱ्या वेळी ती हरवते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

सोपविण्यापूर्वी करावयाच्या कामांत सर्वांत महत्त्वाचे काम पैशाचे नसून बोलण्याचे आहे. घरातील वयोवृद्ध व्यक्तीसमोर वही ठेवून पानागणिक विचारावे : हे अक्षर कोणाचे? हे पद कोठे म्हणत, मलिद्याच्या वेळी की बारशाला? चाल कोणती? आणि ती म्हणावयास लावून ध्वनिमुद्रण करावे. आवाज बसलेला असला तरी चालेल, पहिल्या दोन ओळी मिळाल्या तरी चाल मिळते. आजकाल हे यंत्र प्रत्येकाच्या खिशात असल्याने सबब उरत नाही. ध्वनिमुद्रणात प्रत्येक पदाआधी पानाचा क्रमांक उच्चारावा, नाहीतर पुढे वही आणि आवाज यांची जोड लागत नाही. पानांवर मात्र नवे क्रमांक घालू नयेत. घालावयाचेच तर मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात घालावेत. फाटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत. तिचा डिंक काही वर्षांत तांबूस होऊन अक्षर खातो, आणि संस्थेला नंतर तोच काढीत बसावे लागते. वहीत सापडलेले सुटे कागद, लग्नाचे आमंत्रण, किराण्याची यादी, आगबोटीच्या तिकिटाचा तुकडा, ज्या पानात सापडले त्या पानाची नोंद करून स्वतंत्र पाकिटात ठेवावेत. किराण्याच्या यादीवरून वहीचा काळ ठरल्याची उदाहरणे अभ्यासकांना अपरिचित नाहीत.

एका घरच्या वह्या एकत्र द्याव्यात. चांगल्या हस्ताक्षराची एक येथे, रंगीत मुखपृष्ठाची एक तेथे, अशी वाटणी करण्याचा मोह नातेवाइकांना होतो, कारण प्रत्येकाला आठवण हवी असते. आठवणीसाठी छायाचित्र द्यावे.

शेवटी, सूचीविषयी. परदेशी संग्रहांत पुष्कळ मराठी हस्तलिखिते 'एका भारतीय भाषेतील प्रार्थनागीते' एवढ्याच वर्णनाखाली पडून असतात. येथल्या संग्रहांत ती 'किरकोळ कीर्तने' या नावाखाली जातात. दोन्ही ठिकाणी ती असून नसल्यासारखीच. म्हणून देणाऱ्यानेच एक पत्रक देवनागरीत तयार करून वहीसोबत द्यावे. त्यावर वहीच्या लेखकाचे वा लेखिकेचे नाव, माहेरचे व सासरचे आडनाव, मूळ गाव, लेखनाचा अंदाजे काळ, वही कोणाकडून कोणाकडे आली त्याचा क्रम, आख्यानांची नावे व प्रत्येक पदाची पहिली ओळ असावी. 'चाल' म्हणून लिहिलेले शब्द जसेच्या तसे, अशुद्ध असले तरी न सुधारता, उतरून घ्यावेत. पत्रकाच्या तीन प्रती कराव्यात : एक वहीत, एक संस्थेच्या दप्तरी, आणि एक कुटुंबाबरोबर जाणाऱ्या ट्रंकेत, चांदीच्या पेल्याच्या शेजारी.